दागिना धुण्याआधी काट्यावर ठेवा

आमचा धंदा कापडाचा. सोन्याचांदीतले आम्ही जाणकार आहोत असा दावा नाही. पण कापडवाला आणि सराफ यांचे गिऱ्हाईक एकच असते. शादी ठरली की घरची मंडळी सकाळी नाशिकच्या सराफ बाजारात आणि दुपारी आमच्या गादीवर. कपडा पसंत करता करता बोलणी निघतात. कोणाचे काय मोडले, कोणी काय नवे घडवले, कोणाचे काय गहाण पडले. तीस वर्षांत अशा गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या. त्यांत चोरीच्या थोड्या. 'दागिना तोच, पण वजन भरले नाही' ही तक्रार मात्र दर मोसमात एखाददुसरी असतेच. ऐकून आम्ही मान हलवायचो आणि पुढचा ठाण उलगडायचो. मग २०११ साली तीच गोष्ट आमच्या घरात घडली.

आमच्या मरहूम अब्बांची एक वही आहे. दर रमजानला जकातीचा हिशेब मांडताना ते घरातला प्रत्येक डाग काट्यावर ठेवून त्याचे वजन उर्दूत लिहून ठेवत, तोळे-मासे-रत्तीत. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ रत्ती. अम्मीच्या चार बांगड्यांपुढे 'पाच तोळे' असे लिहिले आहे, म्हणजे ५८.३२० ग्रॅम. पुढे त्या बांगड्या सुनेला, म्हणजे आमच्या अहलियाला मिळाल्या आणि वही आमच्याकडे आली. आम्ही ग्रॅममध्ये लिहू लागलो. दहा वर्षांत त्या आकड्यात जेमतेम दशांश ग्रॅमाचा फरक पडला होता. २०११ च्या रमजानला काट्याने ५५.०४० दाखवले. आम्ही सराफाला म्हटले, काटा पुसून पुन्हा ठेवा. त्यांनी ठेवले. आकडा तोच.

सव्वातीन ग्रॅम सोने गेले कुठे? बांगडी तुटली नव्हती, चेपली नव्हती. उलट नव्यासारखी झळाळत होती. तेव्हा आम्हांला आठवले. रमजानच्या दोन महिने आधी दोन तरुण दारावर आले होते. खांद्याला पिशवी, अंगावर इस्त्रीचे कपडे, बोलणे अदबीचे. नव्या पावडरीची जाहिरात करतो म्हणाले. आधी फुकटात पितळी पानदान घासून दिले, ते लख्ख झाले. मग चांदीचे पैंजण. मग म्हणाले, सोन्यालाही उजाळा देतो, तुमच्या नजरेसमोर देतो. पिवळट पाण्याच्या वाटीत बांगड्या बुडवल्या, दहा मिनिटांनी काढून ब्रश फिरवला. आम्ही स्वतः त्या दिवशी घरात होतो. बांगड्या पाहून अहलिया खूश झाली, आम्हीही खूश झालो आणि वर त्यांना चहा पाजला. जाताना त्यांनी वाटीतले पाणी बाटलीत ओतून नेले. घाण पाणी कशाला नेता, हे विचारायचे आम्हांला सुचले नाही.

पाण्यात उतरलेले सोने

सोने कशातच विरघळत नाही अशी आपली समजूत असते. ती निम्मी खरी आहे. शोऱ्याचे तेजाब एकटे सोन्याला विरघळवू शकत नाही, मिठाचे तेजाबही एकटे काही करू शकत नाही. पण मिठाच्या तेजाबाचे तीन भाग आणि शोऱ्याच्या तेजाबाचा एक भाग एकत्र आले की सोने साखरेसारखे त्यात उतरते. शाळेच्या पुस्तकात त्याला अम्लराज म्हणतात. हे पाणी मुळातच पिवळसर असते. दारावरचे लोक त्यात चिमूटभर हळद टाकतात म्हणजे संशय येत नाही. तेजाब दागिन्याच्या सगळ्या अंगावरून पातळ थर सारखा उतरवते, म्हणून नक्षी तशीच राहते, आकार तसाच राहतो आणि खालचे ताजे सोने चमकू लागते. फसवणूक चमकेमागे लपलेली असते.

विरघळलेले सोने नाहीसे होत नाही, याची एक जगप्रसिद्ध गोष्ट आहे. १९४० साली जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या तेव्हा कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत मॅक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेलची सुवर्णपदके ठेवलेली होती. जर्मनीतून सोने बाहेर पाठवणे तेव्हा मोठा गुन्हा होता आणि पदकांवर तर नावे कोरलेली. जॉर्ज द हेवेशी या रसायनशास्त्रज्ञाने ती पदके अम्लराजात विरघळवली आणि बरणी फळीवर ठेवून दिली. जर्मनांनी संस्थेची झडती घेतली, पण बरणीकडे कोणी पाहिले नाही. युद्ध संपल्यावर त्याच पाण्यातून सोने परत काढले गेले आणि नोबेलवाल्यांनी त्याची पदके पुन्हा घडवून दिली. आमच्या दारावरच्या दोघांनी बाटली का नेली, ते एवढ्यावरून समजावे.

तिकडे शास्त्रज्ञाला जे ठाऊक होते ते आपल्याकडच्या झारेकऱ्याला शाळेत न जाता ठाऊक असते. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, हात धुतलेले पाणी, बैठकीची फाटकी चटई हे सर्व झारेकरी पैसे मोजून घेतो आणि त्यातून धुऊन, गाळून, जाळून सोने काढतो. मुंबईत यांना धूळधोये म्हणत. या कामात आपली पुष्कळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हलके काम म्हणून कोणी नाक मुरडू नये, मोठी नजर लागते त्याला. आता विचार करा, ज्या केराला बाजारात भाव आहे त्यातले सोने येते कुठून? कोणाच्या तरी दागिन्यातून. प्रामाणिक कारागिराने मशीनवर पॉलिश केले तरी थोडी तूट येतेच. फरक इतकाच की प्रामाणिक माणूस आधी वजन करतो, नंतर वजन करतो, दोन्ही तुमच्यासमोर, आणि तूट किती ते तोंडाने सांगतो.

दारावरचे काही जण याच्याही पुढे जातात. दागिने हळदीच्या पाण्यात घालून डबा किंवा कुकर बंद करून देतात आणि अर्ध्या तासाने उघडा म्हणतात. उघडावे तर आत नुसते पाणी, नाहीतर खडे. त्यात निदान चोरी झाल्याचे त्याच दिवशी कळते, पोलिसांत जाता येते. आमच्यासारख्याला दोन महिने पत्ताच नव्हता.

अमानत कोणाची

कोणी म्हणेल, तीन ग्रॅमाचे एवढे काय? त्यांना आमचे एवढेच म्हणणे की दागिना आमचा नव्हता. मेहरमध्ये दिलेले किंवा माहेराहून आलेले सोने बीबीची मिळकत असते. शोहरच्या हाती ते असले तर अमानत म्हणून. आमच्या होकाराने ते वाटीत गेले, म्हणून भरपाई आमच्याकडे लागली आणि आम्ही ती केली. दुसरी बाब धंद्याची. आपल्या छोट्या व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे अडीनडीचे भांडवल बँकेत नसते, कपाटातल्या डब्यात असते. मालेगावच्या यंत्रमागवाल्या भावांना सांगायला नको. सुताचे भाव भडकले आणि पार्टीकडून पैसे अडकले की पहिली नजर घरातल्या बांगड्यांकडे जाते. येवल्याच्या विणकरालाही रेशीम उचलताना हेच आठवते. गहाण, व्याज, सूद यांवर लिहायला आम्ही मुफ्ती नाही. पण विकायला जा की नातलगाकडे ठेवून कर्जे-हसना घ्या, मोजले जाते ते वजनच. चमकेला तिथे कोणी एक पैसा देत नाही.

मग दागिना मळकाच वापरायचा का? तसे नाही. घरच्या घरी तो उत्तम साफ होतो, फक्त मळ काय आणि दागिना काय हे ओळखले पाहिजे. २२ कॅरेटच्या सोन्यात ९१.६ टक्के सोने, बाकी तांबे, चांदी वगैरे. सोने स्वतः काळे पडत नाही. घाम, तेल, साबणाचा राप, पीठ, पावडर बसून ते निस्तेज दिसते आणि मिश्रणातल्या तांब्या-चांदीवर थोडी काळसर झाक येते. एवढे काढायला तेजाब लागत नाही.

कोमट पाणी घ्या, कढत नको. भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोनचार थेंब टाका. दागिना १०-१५ मिनिटे भिजू द्या. मग लहान मुलांच्या दातांचा मऊ ब्रश हलक्या हाताने, विशेषतः मागच्या बाजूने आणि कड्यांच्या सांध्यांत फिरवा. मळ तिथेच बसतो. दुसऱ्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात खळबळून काढा. नळाखाली कधीही धरू नका. मोरीच्या जाळीतून गेलेला कानातला परत येत नाही. खाली जुना कपडा अंथरलेला असावा म्हणजे एखादा खडा निसटला तरी सापडतो. पुसून पंख्याखाली पुरते वाळवा आणि मगच डब्यात ठेवा. साबणाऐवजी रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचा फेस चालतो, सोनार मंडळी तोच वापरत आली आहेत. मात्र सोनाराचा पितळी तारांचा ब्रश घरात आणू नका.

नाशिक हे तांब्यापितळेचे गाव. चिंच आणि राख लावून भांडी आरशासारखी करण्याचा इथल्या बायकांचा हात मोठा, आणि तोच हात सोन्यावर पडतो तेव्हा नुकसान होते. राख, रांगोळी, विटेचा भुगा हे सगळे घासणारे पदार्थ. टूथपेस्टसुद्धा त्याच जातीची, तिच्यात बारीक खर असते. सोने मऊ धातू, त्यावर ओरखडे उमटतात आणि घासलेला भुगा मोरीत जातो. ब्लीचिंग पावडर, फरशीची औषधे, कपडे पांढरे करण्याचे द्रव यांतला क्लोरीन सोन्यातल्या मिश्रणाला पोखरतो, सांधे कच्चे करतो. फरशी धुताना अंगठी काढून ठेवावी. थर्मामीटर फुटला तर सोन्याच्या हाताने पारा गोळा करू नये; पारा लागला की सोने पांढरे पडते आणि ते घरी धुऊन जात नाही. एक ग्रॅमवाले किंवा मुलाम्याचे दागिने तर घासूच नयेत, वरचा थर गेला की खाली पितळ हसते.

खड्यांचे शास्त्र वेगळे. हिऱ्याला चरबी फार चिकटते. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींत याच गुणाचा उपयोग करून चरबी फासलेल्या फळ्यांवरून खडी वाहू देत. दगड वाहून जात आणि हिरे चिकटून राहत. म्हणून रोज वापरातली हिऱ्याची अंगठी आठवड्यात मंद दिसू लागते, आणि म्हणूनच वर सांगितलेल्या साबणाच्या पाण्याने ती लगेच उजळते. पाचूचे तसे नाही. पाचूतल्या बारीक चिरा लपवायला बहुधा त्यात तेल भरलेले असते. गरम पाण्याने ते तेल निघते आणि खडा तडकल्यासारखा दिसतो. कुंदनकामात खड्याखाली वर्ख आणि आत लाख असते. पाणी शिरले की वर्ख काळा पडतो, गरम पाण्याने लाख मऊ होते. त्याला कोरडा मऊ कपडा, बस. मोती म्हणजे चुन्याच्याच जातीचा जिन्नस. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांनी तो झिजतो. वापरल्यावर ओलसर मलमलीने पुसावा, बुडवू नये, कारण आतला दोरा सडतो. इत्र, पावडर, केसांचे तेल सगळे झाल्यावर मोती घालावे आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवावे.

पुरुषांना सोने जायज नाही, पण चांदीच्या अंगठीत अकीक किंवा फिरोजा घालणारे आपल्यात खूप. अकीक टणक दगड, साबणपाण्याला भीत नाही. फिरोजा मात्र सच्छिद्र असतो. तेल, इत्र, साबण पिऊन तो हळूहळू हिरवट होतो आणि मग लोक म्हणतात खडा उतरला, नजर लागली. नजर कसली, केसांचे तेल लागलेले असते! वजू करताना पाणी खाली पोचावे म्हणून अंगठी हलवावी लागतेच. त्याच वेळी खाली साचलेला साबण निघतो. फिरोजा असेल तर नंतर कोरडा करावा.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेतल्या गंधकाच्या वायूने तिच्यावर काळा थर चढतो. आपल्या जिल्ह्यात त्याला खुराक भरपूर. द्राक्षबागेत भुरीवर गंधक मारतात, आणि बागेतून आलेल्या माणसाच्या हातातली चांदीची अंगठी काळवंडते. लासलगाव, पिंपळगावकडे दिवसभर कांदा हाताळणाऱ्या बायकांच्या अंगठ्यांचेही तेच, कारण कांद्यातही गंधक आहे. हा काळा थर पावडरीने घासून काढला तर त्याच्याबरोबर चांदी जाते, कारण त्या काळ्यात चांदीच असते. याला एक फार चांगला उपाय आहे. भांड्यात पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद आतून लावा, त्यावर पैंजण असे ठेवा की ते कागदाला टेकतील, मोठा चमचाभर खायचा सोडा टाका आणि वरून गरम पाणी ओता. सडक्या अंड्यासारखा थोडा वास येईल. घाबरू नका, गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे चालला आहे. काही मिनिटांत पैंजण पांढरे होतात आणि काळ्या थरातली चांदी पुन्हा पैंजणावरच राहते. आम्ही आधी व नंतर वजन करून पाहिले, काट्यात दिसेल असा फरक नाही. खडे, मोती, मीना असलेल्या किंवा मुद्दाम काळ्या केलेल्या नक्षीच्या चांदीला मात्र हे करू नये.

ठेवायचे कशात, हा आमच्या धंद्यातला प्रश्न, म्हणून जरा अधिकाराने सांगतो. दागिना लोकरीच्या कपड्यात गुंडाळू नका. लोकरीत गंधक असतो आणि चांदी महिन्यात काळी पडते. रबर बँडमध्येही गंधक असतो. पैंजणांची जोडी रबराने बांधून ठेवली की बरोबर रबराच्या जागी काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्राचा कागदही नको, आमचे हे साप्ताहिक धरून! लाल टूलचा कपडा जुन्या पेट्यांत असतो, त्याचा रंग बहुधा कच्चा; पावसाळ्यात दमट झाला की मोत्यांना लाली चढते. पांढरी मलमल घ्या, नव्या कपड्याची खळ दोनदा धुऊन काढा, नीळ न घालता वाळवा. पाव मीटरमध्ये घरातले सर्व डाग वेगवेगळे गुंडाळून होतात, तेव्हा आमचा माल खपावा म्हणून लिहितो असे कोणी समजू नये. दागिना आणि जरीचा कपडा एकत्र ठेवू नका. झुमक्याचा आकडा पैठणीच्या पदरात अडकला की दोन्ही गेले.

सोनाराकडे द्यायचेच असेल तर वजन लिहून घ्या, पावती घ्या, समोर बसा. नवे घेताना हॉलमार्क पाहा. १६ जून २०२१ पासून देशातल्या पुष्कळ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर हे ॲप मोबाइलवर घेऊन तो क्रमांक टाकला की दागिना कोणी घडवला, कुठे तपासला, शुद्धता किती हे दिसते. क्रमांक फार बारीक असतो, भिंग लागते. वहीत वजनाशेजारी तोही उतरवून ठेवावा, कारण फार घासाघीस झाली की तो पुसट होतो.

वहीची गोष्ट निघाली म्हणून जकातीचे एक सांगतो. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, पण तो जुना तोळा, ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. आजच्या बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम, आणि त्या हिशेबाने कोणी ७५ ग्रॅम धरतो. चांदीचे साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. हनफी मसलकात वापरातल्या दागिन्यावरही जकात आहे, कोकणातल्या आपल्या शाफई भावांत वापरातल्या जायज दागिन्यावर नाही. आपापल्या आलिमांना विचारावे. पण जकात निघो न निघो, रमजानमध्ये एकदा प्रत्येक डाग काट्यावर ठेवण्याची रीत दोन्ही घरांत असायला हरकत नाही. आमच्या घरात ती नसती तर बांगड्या हलक्या झाल्याचे आम्हांला विकतानाच कळले असते, आणि दोष त्या बिचाऱ्या सराफाला लावला असता.

त्या दोघांचा पत्ता लागला नाही. अहलिया आता बांगड्या स्वतः धुते, रमजानच्या चांदरातीआधी, साबणाच्या पाण्याने, आणि वजन करताना वही तीच हातात धरते. २०११ पुढची पाने तिच्याच अक्षरातली आहेत. गेल्या रमजानचा आकडा ५४.९८०.